बनुबाईंची रेकॉर्ड

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. सावेडी, नगर.
कडाक्याची थंडी. गिरणीतून ज्वारीचे पीठ आणले. केदारने पुण्याहून पाठवलेली मोनो कार्ट्रिज काल बसवली होती, तिच्या सुईचा दाब पुन्हा तपासला. दुपारी बनुबाई आणि ज्योती आल्या. रेकॉर्ड वाजवली. सुरुवातीचे बोलणे आज प्रथमच ऐकू आले. पुन्हा वाजवली. बनुबाईंनी चहा घेतला नाही.

एवढे लिहून मी पेन खाली ठेवले. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत रोजनिशी लिहिण्याची सक्ती होती. आधी काय घडले ते लिहायचे आणि जागा उरली तर काय वाटले ते, असा सिस्टरांचा नियम. त्या दिवशी पान अर्धे रिकामे राहिले. काय वाटले ते मला शब्दांत धरता येईना, कारण जे ऐकले त्यावर माझाच विश्वास बसत नव्हता. म्हणून आता सावकाश, सलग लिहिते.

बनुबाई आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. सगळी नोकरी राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरा आणि आसपासच्या वस्त्यांवर झाली. निवृत्त झाल्यावर मुलगा नितीन आणि सून ज्योती यांच्याकडे नगरला आल्या. कागदावर त्यांचे नाव भागिरथी. पेन्शनच्या पुस्तकावर, आधार कार्डावर, निरोपसमारंभात मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळावर, सगळीकडे भागिरथी. घरात मात्र आईने बनू म्हटले आणि तेच चिकटले, असे त्या सांगत.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर आमची ओळख झाली. तिथे बहुतेकांना गुडघे आणि रक्तदाब याखेरीज विषय नसतात. बनुबाई आल्या की हसू यायचे. त्या स्वतःचीच थट्टा करत. "मी पहिलीत दोनदा बसलेली मास्तरीण," त्या म्हणायच्या. "दाखल्यावर पहिली पास लिहिलेलं, आणि अक्षर एक येईना! मास्तर म्हणाले, ही पोरगी घरी बसून सगळं विसरली. बसवलं परत पहिलीत." पुढे वर्गात त्या सगळ्यांत बुटक्या, कवायतीत नेहमी पहिल्या. आताही त्यांची सत्तरी कुणाला खरी वाटत नसे. कुणीतरी विचारले, "बनुबाई, तोंडाला लावता तरी काय?" त्या म्हणाल्या, "खडूची पावडर. चौतीस वर्षं." जन्मतारीख एक जून. त्यात नवल काहीच नव्हते. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनलाच येतो.

एका गोष्टीची मात्र त्या थट्टा करत नसत. ती म्हणजे रेकॉर्ड.

त्यांचे वडील सहादू साळवे कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. जलशात गायलेला माणूस, स्वतः गाणी रचणारा. बासष्ट साली कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले, तेव्हा उसाच्या स्वागताचे गाणे सहादूंनी लिहिले आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने म्हटले. संचालकांनी हौसेने मुंबईहून माणूस बोलावून ते ध्वनिमुद्रित करून घेतले. छोट्या आकाराच्या थोड्याच रेकॉर्डी निघाल्या, पाहुण्यांना भेट द्यायला. एका बाजूला अध्यक्षांचे भाषण, दुसऱ्या बाजूला गाणे. त्या बाजूच्या लेबलवर छापले आहे: स्वागतगीत, कु. भागिरथी सहादू साळवे.

त्यातली एक सहादूंना मिळाली. घरात वाजवायला यंत्र नव्हते. पुढच्या पावसाळ्यात कुटुंब कोपरगाव सोडून देवळालीला आले, दोन-तीन वर्षांत सहादू गेले, आणि रेकॉर्ड आईच्या पेटीत लुगड्यात गुंडाळलेली राहिली. आईच्या मागे ती बनुबाईंकडे आली. त्यांनी ती राहुरीतल्या एका लाऊडस्पीकरवाल्याकडे नेली. त्याने लग्नात वाजवायच्या जड हाताच्या, झिजलेल्या सुईच्या यंत्रावर लावली. खरखरीतून एका मुलीचा बारीक आवाज आला. शब्द धड कळले नाहीत. पण आवाज होता. त्या बळावर बनुबाई नोकरीभर गात राहिल्या. पाढे गाऊन शिकवले, गावांची नावे गाऊन शिकवली. पालक त्यांना 'रेकॉर्डवाल्या बाई' म्हणत.

"मला सगळं आठवतं," त्या मला सांगत. "उसाच्या मळीचा वास. समोर जाळीचा गोळा. आबांनी मला उचलून टेबलावर उभं केलं होतं."

घरात यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. ज्योती मोकळ्या स्वभावाची आहे. ती सासूच्या तोंडावरच म्हणायची, "आई, तुमच्या रेकॉर्डची रेकॉर्ड आम्हाला पाठ झाली. आता एकदा ती खरी ऐकवा."

ही संधी गेल्या वर्षी आली. कारखान्याने साठ वर्षे पूर्ण झाल्याचा समारंभ ठरवला. कार्यक्रम लांबत लांबत या फेब्रुवारीवर आला. समितीचे काम आप्पासाहेब पाहत होते. ते कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, बोलणे मोठे. कारखान्याकडची एकही रेकॉर्ड उरली नव्हती. शोधत शोधत ते बनुबाईंपर्यंत आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "बाई, तुमी तर आमचा जिता-जागता इतिहास हाय! स्टेजवर मधली खुर्ची तुमची. गानं लावायचं, आन् गानं संपलं की तुमचा सत्कार."

त्या दिवशी बनुबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. रेकॉर्ड त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती. "सुचित्राताई, तुमच्याकडे साहेबांचं यंत्र आहे ना? नातवंडांसमोर, गावासमोर हे एकदा स्वच्छ वाजलं पाहिजे. ही मीच होते हे एकदा लोकांच्या कानांवर पडलं, की झालं. मग माझं काही मागणं नाही."

माझे यजमान नृसिंह यांना जुन्या रेकॉर्डींचा नाद होता. ते गेल्यापासून टर्नटेबलवरची धूळ मी पुसते, पण वाजवणे क्वचितच. त्या दिवशी वाजवले. नुसती खरखर, जशी कढईत मोहरी तडतडावी, आणि तिच्यामागे एक मुलगी. सुरुवातीला सुई टेकल्यावर गाणे सुरू होईपर्यंत बराच वेळ जात होता. त्या वेळात काहीतरी होते, पण ते काय हे कळत नव्हते.

मी केदारला फोन केला. हा माझा मुलगा. वडिलांचा नाद त्याच्याकडे गेला आहे.

"आई, बाबांच्या अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे. दाब आणि वाजव."

"दाबलं. खरखर निम्मी झाली. शब्द अजून दबलेले आहेत."

"मग सुईचं टोक बदलायला हवं."

"सुई की ती धरणारी सगळी कार्ट्रिज? नीट सांग, मी लिहून घेते आहे."

तो हसला. "तू बाबांपेक्षा वाईट आहेस."

त्याने समजावले ते असे. जुन्या मोनो रेकॉर्डीत आवाज रेकॉर्डवरच्या खाचेच्या फक्त आडव्या वळणांत असतो. सुई डावी-उजवीकडे हलते, तोच आवाज. धूळ आणि चरे मात्र सुईला वर-खालीही उडवतात. आमच्याकडची स्टिरिओ कार्ट्रिज वर-खालीचे हलणेही आवाज समजून ऐकते, म्हणून मोहरी तडतडते. मोनो कार्ट्रिजला ते ऐकूच येत नाही. पण दुकानात मोनो म्हणून मिळते तीत प्रकार आहेत. काहींच्या आत स्टिरिओच असते, फक्त तारा एकत्र जोडलेल्या. त्याने आमच्या बटणापेक्षा वेगळे काही होणार नव्हते. काही फार जुन्या असतात, इतक्या ताठ की सुई वर-खाली हलूच शकत नाही, आणि अशी सुई चुकून स्टिरिओ रेकॉर्डवर टेकवली तर ती खाच खरवडून टाकते. आणि एक प्रकार असा की वर-खालीचे ऐकत नाही पण सुईला तेवढे हलू देते, टोक जुन्या रेकॉर्डींच्या मापाचे, जरा रुंद. रुंद टोक खाचेत थोडे वर बसते. राहुरीच्या त्या झिजलेल्या सुईने खाच जिथे घासली ती जागा टळली तर टळली.

"टळेल का?" मी विचारले.

"ते वाजवून पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आई."

ताठ प्रकार मी लगेच काढून टाकला. नृसिंहांच्या स्टिरिओ रेकॉर्डी त्याच कपाटात आहेत आणि माझ्या हातांवर आता पूर्वीइतका भरवसा नाही. तिसरा प्रकार निवडला. दरम्यान आप्पासाहेबांचा फोन आला. समितीच्या साउंडवाल्याने रेकॉर्ड मोबाईलवर घेऊन संगणकात साफ करायची तयारी दाखवली होती. "तो म्हंतो, सुरुवातीची खरखर कापूनच टाकू. डायरेक्ट गानं." मी म्हटले, आठ दिवस थांबा. पार्सल बुधवारी आले, आणि गुरुवारी दुपारी बनुबाई आणि ज्योती माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या.

बनुबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. ज्योतीने मोबाईल उभा धरला. "आई, इकडं बघा. पहिल्यांदा ऐकताना तोंड कसं होतं ते नितीनला पाठवायचंय."

"तोंड काय व्हायचं? माझंच गाणं आहे," बनुबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

मी सुई टेकवली.

पहिल्यांदा मला वाटले, यंत्र बंद पडले. मोहरी नव्हती. नुसता एक मऊ श्वासासारखा आवाज होता. मग कुठेतरी खुर्ची सरकली. एक माणूस खाकरला. आणि तो बोलला, इतक्या जवळून की ज्योतीने मागे वळून पाहिले.

बनुबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. "आबा," त्या म्हणाल्या. "आबांचा आवाज. आबांचा आवाज आहे हा!"

त्यांच्या घरी सहादूंचा एक फोटोसुद्धा नाही. गाणे सुरू झाले, मुलीचा आवाज स्वच्छ, सुरेल, 'आली गाडी उसाची', आणि बनुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या हसत होत्या. त्यांचे गाण्याकडे लक्षच नव्हते. गाणे संपले तशा म्हणाल्या, "पुन्हा लावा. आबा काय म्हणाले ते नीट ऐकू दे."

मी पुन्हा लावली, आवाज जरा वाढवला.

खुर्ची सरकली. माणूस खाकरला. मग तो म्हणाला, "बनू, गप बस बाय. भागा, तू म्हन."

आणि एका लहान मुलाचा, जेमतेम बोलायला शिकलेला, हट्टी, रडवेला आवाज आला. "मला पन! आबा, मला पन म्हनायचंय!"

कुणीतरी हसले. पेटीचा सूर लागला. मोठी मुलगी गाऊ लागली. तिच्या पहिल्या ओळीमागे तो बारका आवाजही बेसूर गात होता, 'गाडी, गाडी', आणि मग एकदम बंद झाला. तोंडावर कुणीतरी हात ठेवला असावा. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हे सगळे कापायला हवे होते. का कोण जाणे, कापले नव्हते.

मी सुई उचलली. ज्योतीने मोबाईल केव्हा खाली केला ते मला कळले नाही.

बनुबाई टर्नटेबलकडे बघत होत्या. रेकॉर्ड अजून फिरत होती.

"सुचित्राताई," त्या म्हणाल्या, "बनू म्हणजे मी."

"हो."

"मग भागा कोण?"

लेबलवरचे नाव डोळ्यांसमोर फिरत होते आणि ते नाव असलेली बाई समोर बसून मला विचारत होती की ती कोण.

ज्योती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही एकदा म्हणाला होतात, तुमच्या आधी एक..."

"आईनं सांगितलं होतं. तुझ्या आधी एक झाली होती, राहिली नाही. एवढंच." बनुबाईंचे बोलणे शाळेतल्या बाईंचे राहिले नव्हते. "मला वाटलं, बारशाआधीच गेली असंल. तान्ही. आई कधी नाव घ्यायची न्हाई. ही तान्ही हाय का? ही तर गाती हाय. ही आठ वर्साची हाय!"

पुढचे त्यांनी स्वतःच एकेक करून उलगडले. कोपरगावला शाळेत जात होती ती भागा. पहिली पास झाली ती भागा. पावसाळ्यात काहीतरी झाले, ताप की काय, आता सांगायला कुणीच नाही, आणि ती गेली. घरच्यांनी गाव सोडले. दोनेक वर्षांनी देवळालीच्या शाळेत मास्तरांनी कागद मागितला. बनूचा जन्म कुठेच नोंदलेला नव्हता. सहादूंकडे मुलीचा एकच कागद होता. गेलेल्या मुलीचा दाखला. तो त्यांनी पुढे केला, आणि बनू त्या दाखल्यावर भागिरथी होऊन शाळेत बसली. तेव्हा खेड्यापाड्यांत असे करत, हे मी ऐकले होते. मोठा गेला की धाकटा त्याच्या दाखल्यावर. पण ऐकणे निराळे. इथे ती धाकटी माझ्या सोफ्यावर बसली होती आणि तिला हे आज, आत्ता, एका सुईमुळे कळत होते.

"म्हणून अक्षर येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी काही विसरले नव्हते. मी पहिलीत दोनदा बसलेच नाही. मी पहिल्यांदाच बसले होते. जन्मभर सांगून लोकांना हसवलं मी."

"आई, पाणी घ्या," ज्योती म्हणाली.

"आणि बुटकी नव्हते. लहान होते." त्यांनी पाणी घेतले नाही. "दहावीला तालुक्यात नाव आलं. सत्काराला आई आली होती. माइकवर पुकारलं, भागिरथी सहादू साळवे, आणि आई उठून बाहेर निघून गेली. मला वाटलं, तिला उकडलं. मी रागावले तिच्यावर."

ज्योती रडायला लागली. बनुबाई रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी आजवर कधी पाहिला नव्हता तसा झाला होता, पाटी पुसल्यासारखा.

"आठ वर्षांची बहीण होती मला. मला तिचं नाव माहीत नव्हतं. आणि रोज मस्टरवर सही करताना तेच लिहीत होते."

मी चहा ठेवला होता. तो तसाच राहिला. ज्योती त्यांना दंडाला धरून घेऊन गेली. उंबऱ्यात थांबून बनुबाई म्हणाल्या, "रेकॉर्ड राहू द्या तुमच्याकडे. माझी नाही ती."

त्या रात्रीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, मी ते एक वाक्य कानांतून काढू शकले नाही. मला वाटत राहिले, ती कार्ट्रिज आणली नसती तर? मोहरीची खरखर कापून नुसते गाणे लागले असते, त्या मधल्या खुर्चीवर बसल्या असत्या, टाळ्या झाल्या असत्या. पण हा विचार फार पुढे गेला नाही. ती आठ वर्षांची मुलगी मग कुठेच नसती.

शुक्रवारी दुपारी आप्पासाहेब आले. गाणे उतरवून न्यायला साउंडवाल्याचे छोटे यंत्र घेऊन. त्यांच्यामागोमाग बनुबाई आल्या. मी त्यांना बोलावले नव्हते. साडी कालचीच होती. त्या थेट टर्नटेबलजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आप्पासाहेब, आधी ऐका."

आप्पासाहेबांनी ऐकले. ते कारखान्यात वाढलेले, त्यांना दोनदा ऐकावे लागले नाही. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आयला," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "माफ करा वहिनी."

त्यांनी घसा साफ केला. "बाई, एक बोलू का? आपन तिघंच हावोत. पत्रिका छापल्यात. लेबलवर नाव भागिरथी. तुमच्या आधार कार्डावर भागिरथी. कायद्यानं ही पोरगी तुमीच हाय. सुरुवातीचं कापून टाकू. साउंडवाला आधीच म्हंत हुता. कुनाला काय कळनार हाय?"

मला धक्का या गोष्टीचा बसला, की त्यांच्या बोलण्यात काहीच खोटे नव्हते. कायद्याने ती गाणारी मुलगी म्हणजे खरेच बनुबाई.

बनुबाई म्हणाल्या, "कायद्याची पेन्शन मी घेते. गाणं कायद्याचं नाही."

"ते माइकवर बोलला तर उद्या कोन तरी इचारील, जन्मतारीख..."

"विचारू दे. सरकारचं मी काही खाल्लेलं नाही. ती मोठी, मी धाकटी. तिच्या तारखेनं मला वेळेआधी घरी बसवलं. सरकारनंच माझी वर्षं खाल्ली." त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "येऊ द्या त्यांना. हिशोब मीच मागते."

"मंग सत्काराचं काय करू? पाव्हने यायचेत. खुर्ची..."

"खुर्ची राहू द्या मोकळी."

आप्पासाहेबांना हे पटेना. मोकळी खुर्ची स्टेजवर अशुभ दिसेल, पाहुणे विचारतील, अध्यक्ष चिडतील, असे ते एकेक सांगत राहिले. बनुबाई शाळेत ऐकत असतील तशा, पेन्सिल चावणाऱ्या पोराचे ऐकावे तशा ऐकत होत्या.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता माझं लिहून घ्या. गाणं आबांच्या आवाजापासून लावायचं. एक अक्षर कापायचं नाही. आधी सांगायचं, गाणारी भागिरथी सहादू साळवे, वय आठ, आता नाही. आणि मग गाणं झाल्यावर सांगायचं, तुम्हाला मागं 'मला पन' म्हणून रडताना ऐकू आलं ना, ती बनू इथं बसलीय. खाली. पहिल्या रांगेत. तेवढ्यासाठी उभी राहीन मी."

"सत्कार नगं?"

"कशाचा? गप बसले नाही म्हणून?"

आप्पासाहेब हसले, मग डोळे पुसले, मग पुन्हा टोपी घातली. म्हणाले, "अध्यक्षाला मी सांगतो. न्हाई ऐकलं तर मीच बोलंन माइकवर." ते खरेच बोलतील की नाही ते मला माहीत नाही. पण यंत्रावर त्यांनी गाणे उतरवून घेतले ते पहिल्यापासून, सुई टेकल्याच्या आवाजासकट. उतरवून होईपर्यंत तिघेही हललो नाही.

ते गेल्यावर बनुबाई तशाच बसल्या. म्हणाल्या, "आबांचं तेवढंच परत लावता का? गाण्याआधी उचला."

मी लावले. खुर्ची सरकली. माणूस खाकरला. बनू, गप बस बाय. भागा, तू म्हन. मी सुई उचलली.

"भागा," बनुबाई म्हणाल्या. जणू नवे नाव तोंडात घोळवून पाहावे तसे. "माझ्या तोंडून हे नाव आजवर कधी निघालंच नाही. सही केली फक्त."

मग त्यांनी चहा मागितला. साखर थोडी जास्त घाला, म्हणाल्या. मी केला आणि दोघींनी घेतला. निघताना त्यांनी रेकॉर्ड उचलली, अभ्र्यात घातली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गेट उघडायला माझी वाट पाहत थांबल्या.

संध्याकाळी मी रोजनिशी उघडली.

शुक्रवार, १९ जानेवारी २०२४.
आप्पासाहेब येऊन गेले. बनुबाई आल्या होत्या, चहा घेतला. रेकॉर्ड त्यांनी परत नेली. उद्या नळाला पाणी नाही. टाकी अर्धी आहे.